साडेचारशे किलोंची गाडी

वजन ही जगातली एकमेव गोष्ट अशी आहे, जी प्रत्येकाकडे असते आणि कोणालाच मान्य नसते. वय माणूस दोन-तीन वर्षांनी कमी सांगतो, उंची एखाद्या इंचाने वाढवतो. पण वजनाच्या बाबतीत तो थेट काट्यालाच खोटं ठरवतो. काटा बिघडलाय, असं म्हणून तो खाली उतरतो आणि निघून जातो. काट्याचं काय म्हणणं आहे, हे ऐकायला कोणी थांबत नाही.

काटेसाहेब एकतीस वर्षं थांबले. काटे हे त्यांचं आडनाव नव्हे. गावाबाहेरच्या हमरस्त्यावर मालट्रकांचं वजन करायचा जो सरकारी काटा आहे, म्हणजे रस्त्याच्या पातळीत बसवलेला लोखंडी फलाट, त्याच्या शेजारच्या खोलीत ते नोकरीला होते. ट्रक फलाटावर येई, खोलीतल्या यंत्रावर आकडा येई, आणि साहेब तो आकडा वहीत उतरवून घेत. खिडकीबाहेर एक पत्र्याची पाटी होती:

१. वाहन काट्याच्या मध्यभागी उभे करावे.
२. इंजिन बंद करावे.
३. चालक व त्याच्या सोबत्याने खाली उतरावे.
४. हुज्जत घालू नये.

चौथा नियम पाळला गेल्याची नोंद दप्तरात सापडत नाही. पहिले तीन मात्र साहेबांच्या कारकिर्दीत एकदाही मोडले गेले नाहीत. तिसऱ्यावर तर त्यांचा विशेष जीव होता. काट्यावर माणूस बसलेला असेल तर आकड्यात माणूस मिसळतो, आणि माणूस मिसळलेला आकडा हा आकडाच नव्हे, असं त्यांचं मत होतं. एकदा पायाला प्लास्टर घातलेला चालक आला. साहेबांनी त्याला खुर्चीत घालून खाली उतरवला, वजन घेतलं, आणि पुन्हा खुर्चीत घालून वर चढवला. या कार्यवाहीस चाळीस मिनिटं लागली आणि मागे सव्वीस ट्रक खोळंबले. चालकाने साहेबांना उद्देशून जे उद्गार काढले, ते साहेबांनी 'शेरा' या रकान्यात जसेच्या तसे नोंदवले. (फक्त शुद्धलेखन सुधारलं.)

एकतीस वर्षांत त्यांनी सुमारे चार लाख बारा हजार वाहनं मोजली. त्यांपैकी कागदावर लिहिलेलं तेवढंच भरलेलं वाहन: शून्य. रोज संध्याकाळी हा माणूस कसली मनःस्थिती घेऊन घरी येत असेल, याची कल्पना करावी. निवृत्तीच्या दिवशी कार्यालयाने त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं. साहेबांनी ते हातात घेतलं, आभार मानले, आणि घरी येऊन पहिल्यांदा मोजलं. खोक्यावर छापलं होतं त्यापेक्षा दोनशे ग्रॅम जास्त भरलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत वाचनालयाच्या शेवटच्या कपाटात त्यांना एक जाडजूड पुस्तक मिळालं. सामान्य बुद्धीच्या माणसाने, सामान्य हत्यारांनी, फावल्या वेळात, घरच्या घरी, अगदी पहिल्या नळीपासून हलकी स्पोर्ट्स कार कशी बांधावी, याचं ते पुस्तक होतं. वजन साडेचारशे किलो, असा लेखकाचा दावा होता. साहेब बराच वेळ त्या ओळीवर बोट ठेवून बसले. आयुष्यात एक तरी वाहन असं पाहावं, जे म्हणतं तेवढंच भरेल. ते दुसऱ्या कोणाच्या हातून होणार नाही, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होतं. (पुस्तक स्वतः एक किलो साडेतीनशे ग्रॅम होतं. विषयाच्या मानाने जास्त.)

तरीही पुस्तक चौदा दिवसांनी निमूटपणे वाचनालयात परत गेलं असतं. पण मध्ये वहिनींचा प्रसंग घडला. वहिनी म्हणजे काटेसाहेबांच्या पत्नी. पोस्टमनपासून वेल्डरपर्यंत सगळे त्यांना वहिनी म्हणत, म्हणून इथेही वहिनीच.

वहिनींची धाकटी बहीण गावाच्या दुसऱ्या टोकाला राहते. अंतर चार किलोमीटर. तिचे गुडघे गेलेले असल्यामुळे तिला जिना उतरणंसुद्धा जड जातं, तेव्हा येणंजाणं असे ते वहिनींचंच. न्यायला-आणायला तिचे यजमान, म्हणजे काटेसाहेबांचे साडू, आपली मोठी गाडी घेऊन येत. ही गाडी इतकी उंच आहे की तिच्यात बसावं लागत नाही, चढावं लागतं. साडूंचा गाडीवर फार जीव. त्या दिवशी वहिनी चढणार, एवढ्यात साडू म्हणाले, "ताई, एक मिनिट हं." त्यांनी पायाशी पडलेलं वर्तमानपत्र उचललं, उलगडलं आणि वहिनींच्या जागेवर नीट पसरलं. सीटचं कव्हर नवीन होतं, आणि वहिनी अंगणात झाडांना पाणी घालून आल्या होत्या.

वहिनी वर्तमानपत्रावर बसून गेल्या आणि वर्तमानपत्रावर बसून आल्या. घरी आल्यावर चप्पल काढायच्या आधी त्यांनी बहिणीला फोन लावला आणि म्हणाल्या, "आता आम्हाला न्यायला गाडी पाठवू नकोस. येऊ तेव्हा आमच्या गाडीने येऊ."

त्या वेळी 'आमची गाडी' म्हणजे वाचनालयाचा शिक्का मारलेलं एक पुस्तक होतं.

पण बाईच्या तोंडून गेलेला शब्द आणि वहीत चढलेला आकडा, दोन्ही खोडता येत नाहीत. वहिनींनी शिवणाची खोली रिकामी करून दिली. शिलाई मशीन झोपायच्या खोलीत गेलं. एकच अट घातली: पहिली फेरी बहिणीच्या घरी, आणि डाव्या सीटवर मी. साहेबांनी ती अट नव्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतली आणि खाली सही केली.

या घटनेपासून गाडी पूर्ण होईपर्यंत दोन वर्षं आठ महिने गेले. तेवढ्या काळात वहिनी बहिणीकडे एकदाही गेल्या नाहीत. रोज दुपारी फोन होई. शेवटी बहीण विचारी, "ताई, कधी येतेस?" आणि वहिनी म्हणत, "झालीच आहे गाडी." हा संवाद अंदाजे साडेनऊशे वेळा झाला. त्यापैकी पहिले सहाशे उत्साहाने, पुढचे तीनशे सवयीने. उरलेल्या पन्नासांमध्ये बहीण नुसतं "बरं" म्हणे आणि फोन ठेवून देई.

घरात गाडी बांधणाऱ्या माणसाबद्दल एक विनोद सर्वत्र प्रचलित आहे. गाडी तयार होते आणि दारातून बाहेरच निघत नाही. साडूंनी हा विनोद निरनिराळ्या नातेवाइकांना मिळून अकरा वेळा सांगितला. साहेबांनी पहिल्याच दिवशी दाराचं माप घेतलं होतं आणि सांगाडा दारापेक्षा चार बोटं अरुंद ठेवला होता. त्यामुळे तो विनोद इथे लागू होत नाही. वाचकांनी कृपया त्याची वाट पाहू नये.

कामाची पद्धत अशी. प्रत्येक वस्तू आत येताना मोजायची, बसवण्याआधी पुन्हा मोजायची, दोन्ही आकडे वहीत लिहायचे. लहान वस्तूंना स्वयंपाकघरातला काटा. मोठ्या वस्तूंसाठी आढ्याच्या कडीला टांगलेला, वस्तू खाली लटकवून मोजायचा ताणकाटा. वेल्डर दर रविवारी सकाळी सांधे जोडायला येई. त्याने एकदा सोपी युक्ती सुचवली: वस्तू हातात धरून माणसाने घरगुती काट्यावर उभं राहावं आणि मग माणसाचं वजन वजा करावं. साहेबांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की तो पुढचे दोन रविवार आला नाही. माणूस उभा असलेल्या काट्यावरचा आकडा साहेब आपल्या वहीत घेतील, ही कल्पनाच त्यांना सहन झाली नव्हती.

वहीतल्या काही नोंदी नमुन्यादाखल:

सांगाडा, चौकोनी नळ्यांचा: ४८ किलो ६०० ग्रॅम.
इंजिन, एका लहान गाडीचे (ती गाडी अन्यथा निकामी): ९१ किलो.
गिअरपेटी: २७ किलो.
दारे: रद्द.
टप: रद्द. (हवा चांगली असेल तेव्हाच जावे.)
हॉर्न: ३५० ग्रॅम. रद्द. (तोंडाने काम भागेल.)
रंग, एकच हात: १ किलो ९०० ग्रॅम. (दुसरा हात ही चैन आहे.)
वेग दाखवणारे घड्याळ: ४०० ग्रॅम. रद्द. (वेग असेल तर कळेलच.)

एवढं करूनही गाडी सहा किलोंनी जास्त भरत होती. तेव्हा साहेबांनी भोकं पाडायला घेतली. पुस्तकात यावर एक संपूर्ण प्रकरण आहे: जिथे ताण नाही तिथे लोखंड कशाला? साहेबांनी ब्रेकच्या पायपट्टीला भोकं पाडली, सीटखालच्या लोखंडी पट्ट्यांना पाडली, गिअरच्या दांड्याला, आरशाच्या मानेला, भोकं पाडण्यासाठी केलेल्या आधारालासुद्धा पाडली. एकूण एक हजार एकशे सेहेचाळीस. निघालेला चुरा त्यांनी टाकला नाही. काचेच्या बरण्यांमध्ये भरून, प्रत्येक बरणीवर तारीख लिहून, बाहेरच्या खोलीत फळीवर मांडून ठेवला. घरी कोणी आलं की साहेब गाडी दाखवत नसत. बरणी उचलून देत आणि हळू आवाजात सांगत, "हे गाडीत नाही."

पाहुण्यांपैकी बहुतेकजण बरणी हलवून बघत.

चुऱ्याचं एकूण वजन सहा किलो दोनशे ग्रॅम झालं. "साहेब," वेल्डर एका रविवारी सांधा शोधता शोधता म्हणाला, "आता भोकंच राहिलीत. लोखंड कुठंय त्यावर मी जोड मारू?" साहेबांना ही प्रशंसा वाटली आणि त्यांनी ती शेऱ्याच्या रकान्यात लिहिली.

शेवटचं मोठं काम स्प्रिंगांचं. स्प्रिंगवाला अल्पभाषी होता. त्याचं दुकान म्हणजे एक भट्टी आणि एक बाकडं. आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तो एकच प्रश्न विचारी: "वजन?" बाकीचे सगळे अंदाजे सांगत, त्यामुळे तो आपल्या मनाने थोडी जाड तार वापरून वेळ मारून नेत असे. साहेबांनी त्याला वही उघडून दाखवली. साडेचारशे किलो, वर एक ग्रॅम नाही. स्प्रिंगवाल्याच्या हयातीत त्याला असं उत्तर मिळालं नव्हतं. त्याने तार बदलली. त्या दिवशी त्याने आपल्या कसबातलं सगळं ओतलं आणि साडेचारशे किलोंच्या, वर एक ग्रॅम नसलेल्या गाडीला शोभतील अशा चार नाजूक स्प्रिंगा तयार केल्या. गाडी जमिनीपासून चार बोटं वर उभी राहिली. ती इतकी सुरेख दिसत होती, की साहेब तिच्याभोवती तीनदा फिरले आणि मग, कोणी बघत नाही अशी खात्री करून, तिला नमस्कार केला.

बेरीज आली चारशे एकोणपन्नास किलो आठशे ग्रॅम. दोनशे ग्रॅम शिल्लक.

एवढी मोठी शिल्लक हाताशी आल्यावर माणूस उदार होतो. साहेबांनी वहिनींना विचारलं, गाडीत तुला काही हवं आहे का? वहिनींनी विचार केला आणि सांगितलं, डाव्या बाजूला चष्मा आणि रुमाल ठेवायला एक कापडी खिसा. त्यांनी स्वतः तो शिवला. दोऱ्यासह एकशे ऐंशी ग्रॅम भरला. साहेबांनी खिसा लावला आणि वीस ग्रॅम तूट राहिली म्हणून डाव्या बाजूला रंगाचा एक फराटा जास्त मारला.

मग गाडी वेल्डरच्या टेम्पोच्या मागे बांधून हमरस्त्यावरच्या सरकारी काट्यावर नेली. खोलीत आता दुसरे, तरुण साहेब बसत. त्यांनी आदराने उठून जागा दिली. वाहन मध्यभागी. इंजिन बंद. चालक आणि सोबती खाली. यंत्रावर आकडा आला: ४५०. काटेसाहेबांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा पाहिलं, तोच आकडा. चार लाख बारा हजार वाहनांनंतर एक वाहन खरं बोललं होतं. वेल्डरच्या सांगण्यानुसार परत येताना ते वाटभर अधूनमधून मागे वळून बघत होते.

वहिनींनी दुपारी बहिणीला फोन केला. नेहमीचा प्रश्न यायच्या आधीच म्हणाल्या, "रविवारी. दहा वाजता चहा टाकून ठेव."

बहिणीने वार दोनदा विचारून घेतला.

रविवारी सकाळी नऊला गाडी घरासमोर उभी होती. शेजारपाजारचे आठ-दहा लोक जमले होते, वेल्डर धुतलेला शर्ट घालून आला होता. वहिनींनी ठेवणीतली साडी नेसली होती. डावीकडे दार नव्हतंच, त्यामुळे त्या सरळ आत बसल्या. त्यांचं वजन चोपन्न किलो. गाडी दोन बोटं खाली गेली. वहिनींनी चष्मा काढून खिशात ठेवला, तो नीट बसतो हे बघितलं, आणि पुन्हा काढून डोळ्यांवर लावला, कारण त्यांना रस्ता बघायचा होता. मग काटेसाहेब उजवीकडून बसले. त्यांचं वजन चौऱ्याऐंशी किलो.

गाडीने पोट जमिनीला टेकवलं.

आवाज फारसा मोठा नव्हता. साहेबांनी इंजिन सुरू केलं, गिअर टाकला, आणि गाडी रस्त्याला खरवडत एक वीत पुढे सरकून बंद पडली. जमलेल्या लोकांपैकी कोणी हसलं नाही, हे त्या लोकांच्या संस्कारांबद्दल बरंच काही सांगतं. वेल्डर ओणवा होऊन खाली बघत राहिला. मग तसाच ओणव्याने, अगदी हळुवारपणे त्याने विचारलं, "साहेब, तुमचं आणि वहिनींचं वजन वहीत कुठं धरलंय?"

साहेबांनी वही उघडली. तीनशे बारा नोंदी होत्या. दोन वेळा तपासलेल्या, तिसऱ्या वेळी बेरीज केलेल्या. एकही चूक नव्हती. त्यांनी शेवटच्या पानापर्यंत पाहिलं आणि वही मिटली.

"चालक खाली उतरलेला असतो," ते म्हणाले.

वस्तुस्थितीचा निर्विकारपणे विचार करता तीन उपाय समोर येत होते. साहेबांनी ते तिथेच, जमिनीला टेकलेल्या गाडीत बसून, वहीच्या मागच्या पानावर मांडले.

उपाय पहिला: जाड तारेच्या स्प्रिंगा. यास आठ दिवस लागतील. वजन अकरा किलोंनी वाढेल. म्हणजे ही साडेचारशे किलोंची गाडी राहणार नाही. म्हणजे ही गाडीच राहणार नाही.

उपाय दुसरा: दोन माणसांचे मिळून एकशे अडतीस किलो होतात, तेवढं वजन गाडीतून कमी करणे. इंजिन ९१, गिअरपेटी २७, स्टिअरिंग व त्याचा जोड ११, पेट्रोलची टाकी ९. बेरीज बरोबर एकशे अडतीस. आकडे इतके चपखल जमत होते, की साहेबांना क्षणभर मोह झाला. इतर काही अडचणी असतीलही, पण बेरजेत नव्हत्या.

उपाय तिसरा: चालकाने आपलं वजन चौऱ्याऐंशी किलोंनी घटवणे. हा उपाय खात्रीचा असला तरी दीर्घ मुदतीचा होता.

वहिनी वहीकडे बघत नव्हत्या. साडेनऊ वाजत आले होते. बहिणीने आतापर्यंत कपबशा काढून ठेवल्या असतील, खिडकीशी खुर्ची ओढून बसली असेल. आज फोन करून काय सांगायचं? झालीच आहे गाडी?

त्यांनी पदर सावरला आणि खाली उतरल्या. "अहो," त्या म्हणाल्या, "उतरा."

साहेब उतरले. गाडी सुस्कारा टाकल्यासारखी चार बोटं वर आली.

"कुणी बसलं नाही तर चालते ना ही?"

"उत्तम चालते," साहेब म्हणाले. यात अतिशयोक्ती नव्हती.

"मग चालवा."

आणि इथे दारं रद्द करण्याच्या निर्णयाचं महत्त्व लक्षात येतं. दार असतं तर हे शक्य नव्हतं. साहेब उजव्या बाजूला रस्त्यावर उभे राहिले, आत हात घालून त्यांनी इंजिन सुरू केलं, वाकून हाताने क्लच दाबला, पहिला गिअर टाकला आणि क्लच हळूहळू सोडला. गाडी आपल्या अंगच्या वेगाने, म्हणजे चालत्या माणसाच्या वेगाने निघाली. साहेब एक हात स्टिअरिंगवर ठेवून तिच्या बाजूने चालू लागले. डाव्या बाजूने, कापडी खिशावर हात ठेवून, वहिनी. थांबायचं असेल तेव्हा किल्ली फिरवायची. हॉर्न नसल्यामुळे वळणांवर साहेब घसा खाकरत.

चार किलोमीटरच्या या प्रवासाची काही आकडेवारी उपलब्ध आहे. ओलांडून पुढे गेलेली वाहने: मोजली नाहीत. ओलांडून पुढे गेलेले पादचारी: एकोणीस. त्यांतला काठी घेतलेला एक म्हातारा दोनदा, कारण मध्ये तो किराणा घ्यायला थांबला होता. चौकात वाहतूक पोलिसाने हात केला. साहेबांनी किल्ली फिरवली. पोलिसाने गाडीभोवती एक फेरी मारली. वाहन चालू होतं, पण चालक वाहनात नव्हता. चालक चालत होता, पण तो नुसता पादचारीही नव्हता. वेगाचा नियम मोडला नव्हता, पट्टा न लावण्याचा प्रश्न उद्भवत नव्हता. अखेर त्याने वहिनींकडे पाहिलं आणि "सावकाश जा" एवढंच सांगितलं. त्याहून सावकाश जाण्याची सोय गाडीत नव्हती.

लग्न झाल्यापासून काटेसाहेब नेहमी दहा पावलं पुढे चालत आले होते. तो त्यांचा उद्दामपणा नव्हता. पायांची लांबीच तशी होती. वहिनी मागून येत, आणि जे बोलायचं ते पोहोचल्यावर बोलत, तोवर त्यातलं निम्मं विसरून जात. आज दोघांच्या मध्ये गाडी होती आणि गाडी कोणाचं ऐकत नव्हती. तिसऱ्या किलोमीटरला, दवाखान्याच्या लांब भिंतीपाशी, वहिनी समोर बघत म्हणाल्या, "मला गाडी नकोच होती हो. मला ते वर्तमानपत्र नको होतं."

साहेबांनी स्टिअरिंग जरा सरळ केलं. "एका वर्तमानपत्राचं वजन दीडशे ग्रॅम असतं," ते म्हणाले. वीसेक पावलांनी पुढे म्हणाले, "तुला जास्त लागलं असणार."

वहिनींनी खिशातून रुमाल काढला. खिसा योग्य जागी लावला गेला होता.

साडू फाटकात उभे होते. ते सकाळपासूनच उभे होते, आणि त्यांनी काही वाक्यं तयार करून ठेवली होती. पण गाडी येताना दिसली तशी ती वाक्यं एकेक करून निरुपयोगी ठरत गेली. गाडी दारातून बाहेर निघाली होती. ती चालू होती. ती आली होती. अखेर त्यांनी विचारलं, "मग तुम्ही दोघं आत का नाही बसलात?"

"ती हलकी आहे," काटेसाहेब म्हणाले आणि किल्ली फिरवली.

साडूंना निदान एकदा बसून बघायचं होतं. त्यांचं वजन एकशे दोन किलो. साहेबांनी त्यांना नम्रपणे तिसरा नियम सांगितला.

दाराबाहेर बहीण भिंतीला धरून उभी होती. दोन पायऱ्या ती उतरली कशी, हे नंतर तिलाही सांगता आलं नाही. तिने गाडीकडे पाहिलंसुद्धा नाही. वहिनींचा हात धरला तो धरूनच ठेवला आणि म्हणाली, "ताई, दोन वर्षं आठ महिने लागले ग तुला यायला."

वहिनी दारातून दिसणाऱ्या घड्याळाकडे बघत होत्या. "नाही," त्या म्हणाल्या. "बावन्न मिनिटं लागली."

आणि मग दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. चहा साडूंना टाकावा लागला.

आता दर रविवारी काटेसाहेब आणि वहिनी गाडी घेऊन बहिणीकडे जातात. गाडी अजूनही बरोबर साडेचारशे किलो भरते. तिचे टायर झिजत नाहीत, ब्रेक वापरले जात नाहीत. वहिनींचा रक्तदाब उतरला आहे, साहेबांचं वजन एकोणऐंशीवर आलं आहे, म्हणजे तिसऱ्या उपायाचीही अंमलबजावणी सुरू झालेली आहे. साडूंनी गेल्या महिन्यात, कोणाला न सांगता, आपल्या सीटचं कव्हर धुवायला टाकलं.

वेल्डरने मात्र एकदा शंका काढली. तो सरळ माणूस आहे. "साहेब," तो म्हणाला, "चालतच जाता, तर गाडी घरी ठेवून गेलं तर नाही का चालणार?"

काटेसाहेबांनी यावर मनापासून विचार केला. त्यांनी उलटसुलट सगळ्या बाजू तपासल्या. मग समजावणीच्या सुरात म्हणाले, "अरे, गाडी नसताना नुसतं चालत कोण कोणाकडे जातं?"

खरं म्हणजे या प्रश्नाला उत्तर नाहीच. आपल्या माणसाकडे जायचं तर आधी काहीतरी तयार व्हावं लागतं. घराला रंग लागावा लागतो, नोकरीत बढती व्हावी लागते, पोरांच्या परीक्षा संपाव्या लागतात, आधी चूक कोणाची होती ते ठरावं लागतं. ते सगळं साडेचारशे किलोंत बसवेपर्यंत दोन वर्षं आठ महिने निघून गेलेले असतात, आणि आपण कुठेच गेलेलो नसतो. यात हसण्यासारखं काही नाही. ज्या वाचकाला काटेसाहेबांचं हसू आलं असेल, त्याने स्वतःची वही उघडून एकच नोंद तपासावी: कोणाच्या दारी जायचं राहिलं आहे, आणि ते घर किती लांब आहे. चौकशीअंती असं आढळतं, की ते बहुधा चार किलोमीटरवर असतं.

ही कथा वाचायला सरासरी तेरा मिनिटं लागतात. म्हणजे एक किलोमीटर.

उरले तीन.